हिरव्या वाडग्यातलं शिसं

ट्युनिस, १९ नोव्हेंबर १९९६

नौफेलदादा,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांत मला आलेलं तुझं हे सगळ्यात लांब पत्र, आणि त्यात एकच वाक्य तीनदा: ‘बाबांची माफी माग.’

नाही मागणार.

बाबांनी तुला फोनवर काय सांगितलं कोण जाणे. आता माझ्या तोंडून ऐक. तू मार्सेयला, मी इथे, आणि मधे समुद्र. निदान हातातला फोन तरी आपटता येणार नाही तुला.

रसायनशास्त्राचं माझं हे चौथं, शेवटचं वर्ष. ऑक्टोबरमध्ये मादाम शेलबींनी, म्हणजे आमच्या पृथक्करणाच्या प्राध्यापिकेने, पहिल्याच तासाला सांगितलं, “घरून एक वस्तू आणा. तिच्यात काय आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, अशी.” कुणी विहिरीचं पाणी आणलं, कुणी ऑलिव्हचं तेल. शिहेबने आजीचं केशर आणलं, त्या करडईच्या पाकळ्या निघाल्या आणि वर्ग तासभर हसत होता. मी आपल्या कारखान्यातला हिरवा वाडगा नेला, मासा काढलेला. पानासारखी ती हिरवी झिलई आख्ख्या किनाऱ्यावर बाबांशिवाय कुणाला जमत नाही, म्हणून मिरवायला नेला होता, खोटं कशाला बोलू.

वाडग्यात पातळ सिरका, म्हणजे व्हिनेगर, भरायचा, झाकून एक दिवस ठेवायचा आणि त्यात किती शिसं उतरलं ते यंत्रावर मोजायचं. लिटरमागे चार मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माझा आकडा आला एकसष्ट. मला वाटलं, मी नळी नीट धुतली नसेल. दुसरा वाडगा घेतला, अठ्ठावन्न. तिसरा घेतला, सहासष्ट. नऊ दिवस मी दुसरं काही केलं नाही. शेवटी मादाम म्हणाल्या, “दोरसाफ, नमुना आवडीचा आहे म्हणून आकडा खाली येत नाही.”

सात नोव्हेंबरच्या सुट्टीला घरी गेले. हम्मामेतच्या हॉटेलांना भांडी पुरवणारे सी श्तिवी जेवायला आले होते. हॉटेलासाठी आठशे वाडग्यांचं काम देणार होते. आत्याने भाजक्या मिरच्यांची कोशिंबीर वर भरपूर लिंबू पिळून हिरव्या वाडग्यात आणून ठेवली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आंबट यात ठेवू नका, झिलईतलं शिसं उतरतं.” निघून गेलं, एवढंच. सी श्तिवींनी चमचा खाली ठेवला.

बाबांचा आवाज तुला माहीत आहे. “चार बुकं शिकली आणि बापाच्या ताटात विष शोधायला लागली! माझ्या आज्याने याच वाडग्यात खाल्लं आणि नव्वदी गाठली!”

सी श्तिवी कॉफीला थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी निरोप आला, विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद आणा, तपासणी चुकली होती असा, मग बघू. बाबांनी मला तेच सांगितलं. एक तर तो कागद आण आणि माफी माग, नाहीतर या दारात उभी राहू नकोस.

कागद मी आणणार नाही. तपासणी चुकलेली नाही.

दोरसाफ


ट्युनिस, २८ डिसेंबर १९९६

दादा,

परवा आपल्या गावचा लुआजवाला हमदाचाचा वसतिगृहाच्या फाटकाशी आला आणि टॅक्सीच्या टपावरून माझी लोकरीची गादी खाली टाकली. वर माझं पांघरूण, शाळेच्या वह्या आणि आईचा फोटो. म्हणाला, “सी लझ्हरने, तुझ्या बाबांनी, दिलंय. भाडंही त्यानेच भरलंय.” बिचाऱ्याला माझ्याकडे बघवेना. मी म्हटलं, “चाचा, बाबांना सांगा, गादी बरी आली. इथल्या लोखंडी खाटेने पाठीचं भजं झालं होतं.”

मजेत आहे मी. सकाळी सेंद्रियचे तास, दुपारी प्रयोगशाळा, मग फाटकाबाहेर वाटीभर गरम चण्यांची लबलाबी. मुलं मला ‘शिसेबाई’ म्हणतात. म्हणू देत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मी वाचनालयात शिशाबद्दल वाचत होते. फ्रेंचमधलं जुनं पुस्तक, झिलई करणाऱ्या कामगारांवरचं. त्यात एका हाताचं चित्र आहे. मनगट खाली लोंबलेलं, बोटं उचलता येत नाहीत. दादा, मी ते चित्र बघितलं आणि पुस्तक मिटलं. तो आत्याचा हात आहे.

चौदाव्या वर्षापासून ती त्या मागच्या कोठीत बसते. सुरम्याचे, म्हणजे शिशाच्याच दगडाचे, काळे चकचकीत खडे कुटते, चाळते, पाण्यात कालवते आणि कोपरापर्यंत हात घालून वाडगे बुडवते. मधली लग्नाची पाच वर्षं सोडली तर एक दिवस चुकलेला नाही. आणि लग्नानंतर नवऱ्याच्या घरी तरी काय केलं तिने? तोही कुंभारच. आता तिला कॉफीचं भांडं उजव्या हाताने उचलत नाही, पोटात मुरडा येतो, आणि सगळे म्हणतात, वारं गेलं अंगावरून.

मी बाबांना लिहिलं की तिला इथल्या रुग्णालयात पाठवा. उत्तर आलं, त्यांच्या हातचं, कोळशाच्या पेन्सिलीने: ‘मनुबिया ठणठणीत आहे. तुझ्या त्या यंत्रात आधी स्वतःचं डोकं घालून बघ.’

तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात ते.

दोरसाफ


ट्युनिस, २६ फेब्रुवारी १९९७

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. नको देऊ. आत्या माझ्याकडे येऊन गेली.

ईदच्या तिसऱ्या दिवशी फाटकावरून निरोप आला की कुणी बाई आल्यात. बघते तर पांढऱ्या सफसारीत गुंडाळलेली आत्या, डाव्या हातात टोपली, आयुष्यात पहिल्यांदा ट्युनिसला. टोपलीत ईदची बिस्किटं.

“बाबांना सांगून आलीस?”

“सांगितलं, हम्मामला अंघोळीला जाते म्हणून.”

“ट्युनिसच्या हम्मामला?”

“कुठल्या ते त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.”

मी तिला रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला आणि हिरडीवरची निळसर रेघ मला दाखवली. रक्त घेतलं. चार दिवस ती माझ्या खोलीत राहिली, मैत्रिणींना मिरच्यांचा हरिसा कसा वाटायचा ते शिकवत, त्यांच्या मोज्यांची भोकं डाव्या हाताने शिवत. मग आकडा आला. त्र्याऐंशी. चाळिसाच्या वर गेलं की कारखान्यातला माणूस कामावरून उठवतात, असं डॉक्टर म्हणाले. औषध दिलं, आणि सुरम्याला पुन्हा हात लावायचा नाही असं बजावलं. “हात सुधारेल, बाई. पण पहिल्यासारखा होईल असं मी सांगत नाही.”

बाहेर बाकावर बसलो. ती बराच वेळ कागद उलटसुलट करत होती, वाचता येत नसून. मग म्हणाली, “हे शिसं बाईच्या पोटात जातं?”

“जातं.”

“पोटातल्या पोरापर्यंत?”

तुला माहीत आहे ना, बनी खियारच्या सासरहून तिला का परत पाठवलं? चार वेळा दिवस राहिले, चारही वेळा गर्भ पडला. सासू म्हणाली, नापीक जमीन आहे ही. आपण लहानपणी ऐकायचो आणि खेळायला जायचो.

“दोरसाफ, तू शिकलेली आहेस. सांग. तो दोष माझा नव्हता ना?”

दादा, ‘नव्हता’ एवढं म्हणायचं होतं फक्त. कुणी मला विचारायला येणार नव्हतं. पण बाबांना खोटा कागद देत नाही म्हणून मी दाराबाहेर आहे, आणि आत्याला खोटं सांगू? मी म्हटलं, “आत्या, पंचवीस वर्षांपूर्वीचं आज नक्की सांगता येत नाही. पण शिशाने असं होतं, हे पुस्तकांत आहे. त्यामुळे झालं असू शकेल. बरंच शक्य आहे.”

मला वाटलं, रागावेल. तिने कागदाची घडी केली, छातीशी खोचली आणि म्हणाली, “असू शकेल. पुरे. एवढंसुद्धा मला आजवर कुणी दिलं नव्हतं.”

मग तिथेच बाकावर रडली. मीही.

घरी जाऊन तिने काय केलं ते हमदाचाचाकडून कळलं. मागच्या कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. बाबा ओरडले तेव्हा म्हणाली, “आपल्या बापाच्या कारखान्यात तिसरा हिस्सा माझा आहे, लझ्हर. माझा तिसरा हिस्सा म्हणजे ही कोठी. तुझ्या दोन हिश्श्यांत काय करायचं ते कर.” आता बाबा बिनझिलईचे पाण्याचे रांजण भाजतात आणि कुणाशी बोलत नाहीत.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की सी श्तिवींसमोर माझ्या तोंडून निघून गेलं. निघून गेलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी मी बाबांना एकटं गाठून आकडे दाखवले होते. त्यांनी वही बंद केली, म्हणाले, “बाहेर वाच्यता नको.” मग मी पाहुण्यांची वाट बघितली. मुद्दाम बोलले. आठशे वाडगे आठशे टेबलांवर जाणार होते. तुला खोटं लिहिलं, कारण आज्ञाधारक मुलगी घसरली असं वाटलं तर तू माझी बाजू घेशील असं वाटलं होतं. आता बाजू नको. खरं काय ते तुला माहीत असू दे.

दोरसाफ


ट्युनिस, ३० मार्च १९९७

नौफेल,

दादा लिहिणार नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू लिहितोस, मार्सेयला रंगाच्या कारखान्यात लागताना तुझं रक्त तपासलं, कंपनीच्या डॉक्टरने विचारलं, याआधी शिशात काम केलंस का, आणि तू म्हणालास, हो, घरी, झिलई. तेव्हा त्याने तुला सगळं समजावलं. झिलई, धूळ, हात, पोट. सहा वर्षांपूर्वी.

‘बाबांना कोण सांगणार होतं?’ असं तू लिहितोस.

मी सांगितलं! बावीस वर्षांच्या मुलीने, भरल्या ताटावर, परक्या माणसासमोर! आणि तू त्यावर मला माफी मागायला सांगितलंस. मी बरोबर आहे हे तुला माझ्याआधी ठाऊक होतं. तरी तीनदा लिहिलंस.

तू गेलास तेव्हा आत्याने तुझी बॅग भरली होती. तेव्हा तिला दोन्ही हात होते.

माझ्यापाशी यापुढे काही नाही. वरच्या मजल्यावर माझ्या चिपा, नमुन्याचे मातीचे तुकडे, भट्टीत आहेत. शिशाशिवायची झिलई करून बघतेय, टाकणखारातून. हेच माझं शेवटच्या वर्षाचं काम. आतापर्यंत सतरा वेळा बिघडली. अठराव्यांदा बिघडेल. तरी ती मला तुझ्यापेक्षा जास्त उत्तरं देते.

दो.


ट्युनिस, १२ जून १९९७

नौफेल,

अडीच महिने लिहिलं नाही. आज लिहिते, कारण जे झालं ते तुला दुसरं कुणी नीट सांगणार नाही.

मे महिन्यात, एका गुरुवारी, मी प्रयोगशाळेत चिपा घासत होते. बाहेर रखवालदाराचा आवाज चढला आणि त्याच्याहून वरचा दुसरा आवाज आला. “मी विकायला नाही आलो! तपासायला आलोय!”

बाबा. लाल शेशिया टोपी, निळा कामाचा कोट, काखेत पेंढ्यात गुंडाळलेला वाडगा. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ मादाम शेलबींसमोर उभे राहिले.

“बाई, हा माझा सगळ्यात चांगला वाडगा. मी घडवला, मी भाजला. माझी पोरगी म्हणते यात विष आहे. मला कागद नको, तिचा जुना आकडा नको. सिरका मी ओतणार, आणि मधे कुणी हात लावायचा नाही. तीही नाही, तुम्हीही नाही.”

मला वाटलं, मादाम त्यांना बाहेर काढतील. त्या म्हणाल्या, “या, सी लझ्हर. असाच माणूस हवा आम्हाला. आधी हा पांढरा कोट घाला.” कोट आखूड होता, बाह्या कोपरापर्यंत. शिहेब हसायला लागला तर बाबांनी त्याच्याकडे एकदाच बघितलं. पोराला एकदम खिडकीबाहेरचं झाड आवडायला लागलं.

बाबांनी सिरका ओतला, मादामनी सांगितला तिथपर्यंत, थेंब सांडला नाही. वर काचेचं झाकण ठेवलं. मग खिशातून तंबाखूची डबी काढली. आत ओली माती. झाकणाच्या कडेने मातीची वळी गोल फिरवून चिकटवली, चार बाजूंनी अंगठ्याचा ठसा उठवला. “आता बघू,” म्हणाले आणि बाब सुईकाला चुलतभावाकडे मुक्कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आले. ठसे चारही बाजूंनी तपासले. वाकून, नाक टेकेल इतक्या जवळून. मग स्वतः माती खरवडली.

यंत्राची ज्योत पेटली तसे ते पुढे सरकले. “ही काय करते?”

मादाम म्हणाल्या, “ज्योतीतून उजेड सोडतो. शिसं असेल तर त्यातला थोडा उजेड गिळतं. किती गिळला त्यावरून शिसं किती ते कळतं.”

“म्हणजे ज्योतीकडे बघून ओळखायचं.”

“तसंच म्हणा.”

“मग ठीक. मी चाळीस वर्षं तेच करतोय.”

आकडा आला, बहात्तर. माझ्या तिन्ही आकड्यांपेक्षा जास्त.

“पुन्हा,” बाबा म्हणाले.

एक्काहत्तर.

“पुन्हा.”

बहात्तर.

नौफेल, मी सात महिने या क्षणाची वाट बघितली होती. काय काय बोलायचं ते पाठ होतं माझं. मी फक्त स्टूल पुढे सरकवलं. बाबा स्टुलावर बसले, त्या आखूड कोटात, मोठाले हात गुडघ्यांवर. म्हणाले, “मनुबियाला बनी खियारहून मी आणलं. माझ्याच गाढवगाडीतून. वाटभर रडत होती. मी म्हटलं, रडू नको, कामात मन रमेल. आणि नेऊन त्याच कोठीत बसवली.”

मादाम उठून बाहेर गेल्या.

मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं.”

“तेव्हा नव्हतं. नोव्हेंबरात तू वही दाखवलीस, तेव्हापासून होतं.” मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, “तू त्या श्तिवीसमोर मुद्दाम बोललीस.”

“हो.”

“मला वाटलंच. घसरणाऱ्यातली नाहीस तू.”

त्याच दुपारी त्यांचंही रक्त तपासायला दिलं. एकोणपन्नास आलं. औषध चालू आहे, शिव्याही चालू आहेत. चिपा दाखवल्या तर म्हणाले, “झिलई गोळा होते, कारण तुझी बोटं तेलकट. आधी ओल्या स्पंजाने पूस. एवढंही शिकवत नाहीत का इथे?” पुसलं. त्यांचा मुक्काम दोन दिवस लांबला, आणि तेविसावी चीप सपाट आली. पण हिरवा गेला, नौफेल. शिशाशिवाय रंगासाठी घातलेलं तांबं निळं पडतं, समुद्रासारखं. पानाचा हिरवा पुन्हा येणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते चीप उन्हात धरून कितीतरी वेळ उभे होते. “माझ्या बापाला आवडला नसता,” एवढंच म्हणाले, आणि चीप परत न देता खिशात घातली.

लुआजच्या थांब्यावर मी सोडायला गेले तेव्हा बाबांनी विचारलं, “ते तुझं पुस्तक छापतायत, त्यात आमच्याबद्दल काय लिहिलंयस?”

“नाव नाही घातलं, बाबा. ‘किनाऱ्यावरचा एक कारखाना’ असं आहे.”

“नाव घाल. लझ्हर बेन अम्मार. बहात्तरसमोर पण आणि तुझ्या त्या निळ्यासमोर पण. नाहीतर आख्खी गल्ली म्हणेल, तो आमचा वाडगा नव्हेच, आणि विकत राहील.”

नाव घातलं. परवा तोंडी परीक्षा झाली, उत्तीर्ण झाले, पहिल्या तिघांत आहे. परीक्षकांनी त्या नावावर बोट ठेवून विचारलं, यांची परवानगी आहे? मी म्हटलं, हुकूम आहे.

आता तुझ्याबद्दल.

लुआजमध्ये चढता चढता बाबा थांबले. “नौफेल पण दोन वर्षं झिलईला होता. त्याचं पोट दुखायचं. तो का गेला गं? तुला कधी काही बोलला?”

मी म्हटलं, “त्यालाच विचारा.”

मी सांगितलं नाही, पण तुला वाचवायला म्हणून नाही. तुझं ओझं तुझ्या वतीने मी उचलणार नाही, एवढंच. आत्याला अजून वाटतं की हे सगळं आधी मला कळलं. माझ्याकडे कौतुकाने बघते ती. ते कौतुक माझ्या अंगाला टोचतं.

२२ जूनच्या रविवारी सकाळी दहा वाजता बाबा आणि आत्या दोघं सालेमच्या दुकानात फोनपाशी असतील. मीही असेन, घरी आलेली असेन. फोन आत्या उचलेल. आता तिला उजव्या हाताने रिसीव्हर कानापर्यंत नेता येतो, थोडा थरथरतो, पण जातो. तब्येत विचारू नकोस, हवा विचारू नकोस. तुला कधी कळलं ते वर्ष सांग तिला. मग ती काय म्हणते ते ऐक, आणि ती बोलत असेपर्यंत फोन ठेवू नकोस.

दोरसाफ